माझ्या वहीवर पालकाची सही

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आपल्याला पालक लागेल, असं मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी स्पॅनिश शिकायच्या भानगडीत पडलो नसतो. किंवा पडलोही असतो. कारण प्रश्न नातीचा होता.

आमची एकुलती एक मुलगी लग्न करून दूरदेशी गेली. जावई स्पॅनिश बोलणारा. माणूस फार भला. फोनवर आला की तो हसतो, मी हसतो, आणि दोघांचेही गाल दुखायला लागले की मुलगी फोन काढून घेते. त्यांची मुलगी, म्हणजे आमची नात, घरात, शाळेत आणि झोपेतसुद्धा स्पॅनिशच बोलते. ती तीन वर्षांची असताना इथे आली होती. एका दुपारी तिची आई आणि आजी बाजारात गेल्या होत्या आणि घरात आम्ही दोघंच होतो. खिडकीपाशी उभी राहून ती एकदम रडायला लागली आणि "मे दुएले, मे दुएले" म्हणत राहिली. मी पाणी दिलं, केळं दिलं, छत्री उघडून दाखवली, स्वतः टेबलाखाली शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आलो. रडणं वाढलं. समोरच्या घरात एक केमिस्ट राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी दुकानातली जाडजूड यादी चाळली आणि या नावाचं औषध अजून बाजारात आलेलं नाही, असं गंभीरपणे सांगितलं.

अर्ध्या तासाने बायको आली. तिने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. नातीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि केसांत रुतून बसलेली पिन काढून टेबलावर ठेवली. रडणं थांबलं. 'मे दुएले' म्हणजे 'मला दुखतंय', हे मुलीने नंतर सांगितलं. म्हणजे पोर अर्धा तास मला सांगत होती की दुखतंय, आणि मी छत्री उघडत होतो. त्यानंतर परत जाईपर्यंत ती माझ्याकडे लांबूनच पाहत राहिली. हे मला फार लागलं.

आता ती पाच वर्षांची झाली होती आणि सुट्टीत तीन आठवडे येणार होती. यायला अडीच महिने होते. तेवढ्या वेळात स्पॅनिश शिकायचं आणि नातीशी बोलायचं, असं मी ठरवलं. "बोलायला भाषाच लागते असं नाही," असं बायको म्हणाली होती, पण भाषा न लागणाऱ्या माणसाने असं म्हणणं सोपं असतं.

सार्वजनिक वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर स्पॅनिशचे वर्ग चालतात. मोठ्यांच्या वर्गाला किमान बारा विद्यार्थी लागतात. आले तीन. त्यांपैकी एक मी, एक आमचे केमिस्ट, ज्यांनी केवळ शेजारधर्म म्हणून नाव दिलं होतं, आणि तिसरा माणूस चुकून आला होता, त्याला पोहायला शिकायचं होतं. वर्ग रद्द झाला. मुलांच्या वर्गात मात्र एक जागा होती. वाचनालयातली कारकूनबाई म्हणाली, "नियमात कमाल वयाचा उल्लेख नाही. भरा अर्ज."

अर्ज मुलांचाच होता. 'इयत्ता' या रकान्यात मी 'निवृत्त' लिहिलं. पुढे 'पालकाचे नाव' असा रकाना होता. आता इथे एक खुलासा करायला हवा. मी छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानादुकानांतून जाऊन तराजू तपासायचे, स्वतःच्या हाताने पारड्यात वजन ठेवायचं, काटा मध्यावर येतो की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि मगच शिक्का मारायचा. या छत्तीस वर्षांत मी एक रकाना कोरा सोडलेला नाही आणि न पाहिलेल्या गोष्टीवर सही केलेली नाही. त्यामुळे 'पालकाचे नाव' कोरं सोडणं मला जमलं नाही. मी बायकोचं नाव लिहिलं. 'पाल्याशी नाते' या रकान्यात 'पत्नी' लिहिलं. कारकूनबाईने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. तिच्याबद्दल मला आदर वाटला.

त्या रकान्यामुळे काय काय होणार आहे, हे पहिल्याच दिवशी कळलं. वर्ग सुटला आणि दारावरच्या पहारेकऱ्याने मला अडवलं. मुलांना पालकाचं कार्ड दाखवल्याशिवाय सोडायचं नाही, असा नियम होता आणि त्याच्या यादीत माझं नाव मुलांमध्ये होतं. मी त्याला माझे पांढरे केस दाखवले. तो म्हणाला, "ते मला दिसतात हो काका, पण यादीत केसांचा रकाना नाही." पुन्हा आदर वाटला, पण जरा कमी. शेवटी बायकोला फोन केला. ती दुपारची झोप मोडून आली, कार्ड दाखवलं, माझं दप्तर उचललं आणि "चला" म्हणाली. माझ्या बाकावर बसणारी अकरा वर्षांची मुलगी जाताना मला म्हणाली, "तुझी आई छान आहे." बायको घरापर्यंत हसत होती.

पहिले तीन आठवडे ठीक गेले. खुर्ची, दार, मांजर, आकाश. मग तो धडा आला. त्या भाषेत माणूस स्वतःचं काही स्वतः करतो, तेव्हा ते तसं सांगावं लागतं. मी उठतो, असं म्हणून भागत नाही. मी मला उठवतो, मी मला धुतो, मी माझी दाढी करतो, मी मला कपडे चढवतो, असं सगळं स्वतःकडे बोट दाखवून बोलावं लागतं. मे लेवान्तो, मे लावो, मे आफेइतो, मे विस्तो. शिकवणाऱ्या बाई तरुण आणि उत्साही. त्यांनी सांगितलं, "रोज सकाळचा आपला दिनक्रम वहीत लिहायचा. प्रत्येक पानाखाली पालकाची सही हवी. सलग तीस पानं झाली की पुढचा धडा."

मी दुसऱ्या दिवशी झोकात सहा वाक्यं लिहिली आणि वही बायकोपुढे ठेवली. तिने चष्मा लावला.

"हे काय लिहिलंय?"

"मे लेवान्तो. मी मला उठवतो."

"कोण उठवतं?"

"मी."

"अहो, चाळीस वर्षं सकाळी सहाला तुम्हाला मी उठवतेय. तीनदा. तिसऱ्यांदा पांघरूण ओढते. आणि हे पुढचं?"

"मी मला धुतो."

"पाणी कोण तापवतं? टॉवेल कोण देतं? दार वाजवून 'अहो टॉवेल' असं कोण ओरडतं?"

"अगं, हा अभ्यास आहे. सही कर फक्त."

"न पाहिलेल्या गोष्टीवर सही करायची नाही, असं कोण म्हणायचं? आपल्या लग्नात नोंदवहीवर सही करण्याआधी तुम्ही तारीख तपासली होतीत. तो नोंदणीवाला बिचारा घामाघूम झाला होता."

सहांपैकी तिने फक्त दाढीच्या वाक्यावर सही केली. तीही शेऱ्यासकट: 'पाहिलं. ब्लेड मी बदललं होतं.'

मग माझाही स्वाभिमान जागा झाला. खोटं वाक्य लिहायचं नाही आणि पानही पूर्ण झालं पाहिजे, तर उपाय एकच. वाक्य बदलता येत नाही, तेव्हा सकाळ बदलायची. उद्यापासून सगळं माझं मी करणार, तू फक्त खुर्चीत बसून पाहायचं, असं मी जाहीर केलं. ती म्हणाली, "बसते."

पहिल्या दिवशी गजर झाला तो मी सोडून सगळ्यांना ऐकू आला. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी झाडूच्या दांड्याने छताला ठोकलं. केमिस्टनी सल्ला दिला, "साहेब, घड्याळ हाताशी ठेवलं की माणूस झोपेत बंद करतो. लांब ठेवा, उंच ठेवा." मी ते कपाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सहाला उठून अर्धवट झोपेत स्टुलावर चढलो आणि स्टुलासकट खाली आलो. पडण्यालाही त्या भाषेत तसंच वाक्य आहे, मे काइगो, ते मी वहीत घातलं. त्या वाक्यावर बायकोने एका दमात, कुठलाही शेरा न मारता सही केली. तिने ते पाहिलं होतं.

मग गीझर चालू राहून तापला, शर्टाला इस्त्रीच्या आकाराचा चॉकलेटी डाग पडला, आणि दुसऱ्या शर्टाची बटणं एकेक घर सरकून लागली, ती मी वाचनालयापर्यंत तशीच मिरवली. टॉवेल आपोआप न्हाणीघरात नसतो, हा शोध मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी लागला. मोजे जोडीने जन्माला येत नाहीत, त्यांची जोडी कोणीतरी लावतं, हा दुसरा. शिवणकामवाल्या बाईंनी जिन्यात मला थांबवून हळूच विचारलं, "काही भांडण झालंय का? वहिनी नुसत्या खुर्चीत बसलेल्या असतात आणि तुम्ही इस्त्री करता. खिडकीतून दिसतं." मी म्हणालो, "स्पॅनिश शिकतोय." त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि संध्याकाळी ही बातमी इमारतभर झाली की आमचं काही ठीक नाही.

केसांचं प्रकरण वेगळं. बाईंनी वर्गात सांगितलं, की न्हाव्याकडून केस कापून घेतले तरी त्या भाषेत 'मी माझे केस कापले' असंच म्हणतात. मी हात वर केला. "बाई, हे धडधडीत खोटं आहे. कापतो न्हावी."

"काका, तशी पद्धत आहे."

"पद्धत असेल. पण न्हाव्याचं काय?"

बाई हसल्या आणि पुढे गेल्या. मला हसता आलं नाही. एक माणूस आपल्यामागे उभा राहून अर्धा तास राबतो आणि वाक्यात त्याचं नावसुद्धा नाही! त्या रविवारी मी आरशासमोर उभा राहून स्वतःचे केस स्वतः कापले. समोरची बाजू बरी जमली. मागची बाजू बायकोने पाहिली आणि बराच वेळ खोकल्याचं निमित्त करून आतल्या खोलीत बसली. केमिस्टनी मागून पाहून केस गळण्यावरचं मलम दिलं. न्हाव्याने मला रस्त्यात ओळख दाखवली नाही. चूक त्याची नव्हती. एवढं होऊन वाक्य मात्र खरं होतं, आणि बायकोने त्यावर सही केली.

असे दिवस जात गेले आणि मला, खरं सांगायचं तर, जमायला लागलं. गजराच्या आधी पाच मिनिटं जाग यायला लागली. शर्ट पांढरा तो पांढराच राहायला लागला. पानावरचे शेरे कमी होत गेले. 'गजराने उठले, गजर मी लावला' याचं 'उठले' झालं, मग नुसती सही, मग नुसती आद्याक्षरं. मी ही प्रगती समजत होतो. तराजूचा काटा मध्यावर आला की आम्ही निरीक्षक दुसरं काही पाहत नाही, ही आमच्या खात्याची खोड आहे. बायको अजूनही साडेपाचला उठत होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. उठून, चष्मा लावून, खुर्चीत बसून ती सहा वाजायची वाट पाहायची, आणि सहाला मी आपला आपण उठायचो.

नात यायला दोन आठवडे उरले असताना वर्गातून चिठ्ठी आली: पालकांनी भेटायला यावे. बायकोने कपाटातले ठेवणीतले कपडे काढले. मी म्हणालो, "अगं, एवढं काही नको." ती म्हणाली, "पाल्याच्या भविष्याचा प्रश्न आहे."

नियमाप्रमाणे पाल्याने बाहेर बसायचं होतं. मी व्हरांड्यातल्या ठेंगण्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलो. शेजारी माझी ती अकरा वर्षांची जोडीदारीण. दार अर्धवट उघडं होतं. आत बाई म्हणत होत्या, "अभ्यास चांगला आहे. वही इतकी नीटनेटकी कोणाचीच नाही. फक्त वाद फार घालतात, आणि इतरांना उत्तर देऊ देत नाहीत."

"घरीही तसंच आहे," बायको म्हणाली. मग म्हणाली, "बाई, हा धडा अजून किती दिवस चालणार?"

"का हो?"

"नाही, हे सगळं स्वतःचं स्वतः करायचं, ते कधी संपणार?"

बाईंना आधी कळलंच नाही. मग बायकोने गजर, स्टूल, इस्त्री, केस असं सगळं सांगितलं. आत मोठा आवाज झाला. बाई टेबलावर डोकं टेकून हसत होत्या. "अहो, सही फक्त वही पाहिल्याची हो! वाक्य खरं असायला थोडंच हवं? माझ्या वर्गातली अकरा वर्षांची मुलं 'मी रोज दाढी करतो' असं लिहितात!"

मी माझ्या जोडीदारणीकडे पाहिलं. तिने शांतपणे वही उघडून दाखवली. तिनेही दाढी केली होती, सलग चोवीस दिवस, आणि प्रत्येक पानाखाली तिच्या वडिलांची सही होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझा इतका अपमान झाला नव्हता. मी उठून आत जाऊन काहीतरी बाणेदार बोलणार होतो. तेवढ्यात बायको बोलली.

ती हसत नव्हती. "तुम्हाला गंमत वाटेल," ती म्हणाली, "पण चाळीस वर्षं मी यांना उठवते. कंटाळा यायचा मला. कधी एकदा हा माणूस आपला आपण उठेल असं व्हायचं. आता उठतात. आणि मी सकाळी नुसती जागी होते. मुलगी गेली तेव्हा घर जसं वाटलं होतं ना, तसं वाटतं मला रोज सहा वाजता. यांना नाही सांगितलं मी. नातीसाठी एवढं करतायत. तुम्हीही सांगू नका."

बाणेदार वाक्य जागच्या जागी विरून गेलं. मी पुन्हा त्या ठेंगण्या बाकावर बसलो. मला लाज वाटली. दुनियेचे तराजू तपासत फिरलो आणि घरातल्या दोन पारड्यांकडे कधी पाहिलं नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चांगला आहे म्हणाल्या अभ्यास." मी "बरं" म्हणालो. घरापर्यंत दप्तर मी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला जाग आली. ती खुर्चीतून उठल्याचं ऐकू आलं. सहा वाजले. गजर मी आदल्या दिवशीच बंद करून ठेवला होता. मी डोळे मिटून पडून राहिलो. ती दारापर्यंत आली, थांबली, परत गेली. सव्वासहाला पुन्हा आली, पुन्हा गेली. मानी बाई आहे. पडून राहणं हे उठण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, हे त्या दिवशी कळलं. माझ्या पाठीला रग लागली, नाकाला खाज सुटली. साडेसहाला कपाळावर हात आला.

"बरं नाही का?"

मी हुं केलं.

"मग उठा की! साडेसहा झाले. अहो, उठा!" आणि पांघरूण गेलं.

त्या दिवशी वहीत पहिलं वाक्य लिहिलं: मी मुहेर मे देस्पिएर्ता. तिने चष्मा लावला. "हे नवीन दिसतंय. काय आहे?"

"बायको मला उठवते."

तिने ते पुन्हा एकदा अक्षर न कळता वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि आद्याक्षरं नाहीत, सबंध नाव, लग्नाच्या नोंदवहीत केलं होतं तसं, सावकाश लिहिलं. मी वही मिटली. बोलायचं बरंच होतं, पण आम्ही चहा घेतला.

नात आली त्या दिवशी विमानतळावर मी पाठ केलेली अठरा वाक्यं तिला पाहताच विसरलो. आठवलं ते एकच, मे लेवान्तो, आणि ते मी दोनदा म्हणालो. म्हणजे भर गर्दीत, दुपारी तीन वाजता, उभ्या उभ्या मी तिला सांगत होतो की मी उठतो. ती आईच्या मागे लपली. गाडीतही लांबून पाहत राहिली. बायकोने एक शब्द न बोलता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पिन आहे का ते पाहिलं असावं. नात तिच्या मांडीवर झोपून गेली. अडीच महिने फुकट गेले, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला नेहमीप्रमाणे जाग आली. मुलगी प्रवासाच्या शिणाने गाढ झोपली होती. मी डोळे मिटून पडून होतो. सहा वाजता दारापाशी चपला वाजल्या, आणि त्यांच्या मागे अनवाणी, छोटी पावलं.

"बघ हं," बायको मराठीत कुजबुजली, "आजोबांना आता आपण उठवायचं."

छोटी पावलं पलंगाशी आली. माझ्या तोंडावर तिचा श्वास लागत होता. तिने बराच वेळ निरखून पाहिलं. मग वळून आजीला म्हणाली, "आबुएला, नो दुएर्मे. से एस्ता रिएन्दो."

आजी, ते झोपलेले नाहीत. ते हसतायत.

शब्द न शब्द कळला मला. हसण्याचं ते क्रियापद अठ्ठाविसाव्या पानावर होतं.

"माहीत आहे गं," बायको म्हणाली. तिला स्पॅनिशचं एक अक्षर येत नाही. "रोजच जागे असतात. आपल्याला काय करायचंय? आपण उठवायचं."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नात खुदकन हसली आणि "सी", म्हणजे हो, म्हणाली. दोघी आपापल्या भाषेत माझ्या पांघरुणाबद्दल बोलायला लागल्या, कोणी कुठलं टोक धरायचं ते ठरवायला लागल्या, आणि त्या खोलीत दोन्हीकडचं सगळं कळणारा माणूस मी एकटाच होतो. नातीला सांगण्यासारखी सोळा-सतरा वाक्यं आता धडाधड आठवत होती. पण त्यांची घाई नव्हती. तीन आठवडे होते. मी डोळे आणखी घट्ट मिटले. त्या दोघींनी मिळून पांघरूण ओढेपर्यंत मी काही उठणार नव्हतो.